किडनीला डायलिसिस आहे, मग यकृताला का नाही?

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ताटकळत बसलेले नातेवाईक डॉक्टर बाहेर आले की हमखास एक प्रश्न विचारतात : “किडनी बंद पडली तर डायलिसिस करता येते, श्वासासाठी व्हेंटिलेटर असतो, मग लिव्हरसाठी एखादे मशीन नाही का?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्यावर बहुधा ‘आहे, पण...’ असे उत्तर मिळते आणि त्यातला ‘पण’ उलगडून सांगण्याइतकी सवड त्या वेळी कोणालाच नसते. यकृत नेमके काय करते हे ठाऊक असल्याशिवाय तो ‘पण’ समजतही नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

मराठीत ‘काळीज’ म्हटले की आपल्याला हृदय आठवते. काळीज तुटते, काळजाचे पाणी होते, आणि हे सगळे बोलताना आपला हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर मात्र पिशवीत पडते ते यकृत : गडद तपकिरी, गुळगुळीत, हाताला जड लागणारे आणि रक्ताने ओथंबलेले. माणसाचे यकृत पोटाच्या उजव्या बाजूला वर, बरगड्यांच्या आड असते आणि प्रौढ माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. त्यातून दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त वाहते. विशेष म्हणजे यातले सुमारे तीन चतुर्थांश रक्त थेट हृदयाकडून आलेले नसते. ते आतडी, जठर आणि प्लीहा यांतून फिरून एका मोठ्या शिरेवाटे यकृतात येते. आपण जे खातो, पितो, गोळी म्हणून गिळतो, त्यातले बहुतेक सारे शरीरभर पसरण्याआधी यकृताच्या हाताखालून जाते. जकात नाक्यावर प्रत्येक गाडी थांबावी, तसा हा प्रकार आहे.

यकृताच्या कामांची यादी शेकड्यांनी देण्याची प्रथा आहे. आपल्या प्रश्नापुरते त्या कामांचे दोन ढीग केले तरी पुरेसे आहे. पहिला ढीग धुण्याचा. प्रथिने पचताना आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या उद्योगामुळे अमोनिया तयार होतो, जो मेंदूला घातक असतो. यकृत त्याचे निरुपद्रवी युरियात रूपांतर करते आणि मग मूत्रपिंडे तो युरिया लघवीवाटे बाहेर टाकतात. अमोनियाचा युरिया कोणत्या पायऱ्यांनी होतो हे हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये जर्मनीत शोधून काढले. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर निघणारे पिवळे बिलिरुबिन पाण्यात विरघळेल अशा रूपात आणून पित्तात सोडणे, औषधांचा निचरा करणे, आतड्यातून निसटलेले जिवाणू गिळून टाकणे ही कामेही याच ढिगातली.

दुसरा ढीग रांधण्याचा, म्हणजे नवे पदार्थ बनवण्याचा. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन यकृत रोज दहा ते पंधरा ग्रॅम तयार करते. जखम झाल्यावर रक्त गोठवणारे बहुतेक घटक इथेच बनतात. रात्री आपण जेवून झोपतो आणि सकाळपर्यंत काही खात नाही, तरी रक्तातली साखर घसरत नाही, कारण यकृत आपल्या साठ्यातून ती पुरवत राहते आणि साठा कमी पडू लागला की इतर पदार्थांपासून नवी घडवते. रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनते, त्याशिवाय तूप-तेल पचत नाही. धुणे आणि रांधणे ही दोन्ही कामे बहुतांशी एकाच पेशीत, एकाच वेळी, चोवीस तास चालू असतात. पुढे यंत्रांचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

यकृत निकामी होण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास सारेच चुकते. पहिली संथ वाट सिरोसिसची : दारू, ब आणि क प्रकारच्या काविळीचे विषाणू किंवा लठ्ठपणा व मधुमेहाबरोबर येणारी चरबी यांनी वर्षानुवर्षे इजा होत राहते, तिथे व्रण धरतो, आणि मऊ यकृत गाठाळ व कठीण होत जाते. त्यातून रक्ताला वाट मिळेनाशी होते, आतड्याकडच्या शिरांमध्ये दाब वाढतो, पोटात पाणी साठते, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताच्या उलट्या होतात. दुसरी वाट तीव्र अपयशाची : आधी यकृताचा कोणताही आजार नसलेल्या माणसाला कावीळ होते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत रक्त गोठेनासे होऊन शुद्ध हरपू लागते. कित्येकदा अशा रुग्णाचे वय विशी-तिशीचे असते आणि आदल्या आठवड्यात तो कामावर गेलेला असतो. सिरोसिसचा रुग्ण एखाद्या जंतुसंसर्गाने किंवा दारूच्या अतिरेकाने अचानक ढासळतो, तेव्हा या दोन्ही वाटा एकत्र मिळतात.

तीव्र अपयशाची कारणे देशागणिक बदलतात. ब्रिटन आणि अमेरिकेत पॅरासिटामॉलचा अतिरेक हे सर्वांत मोठे कारण आहे. या औषधाचा थोडासा अंश यकृतात विषारी रूप घेतो आणि तिथल्याच ग्लुटाथायोन या पदार्थाने निष्प्रभ होतो. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते आणि ते विष पेशींवर उलटते. ब्रिटनने १९९८ मध्ये एका पाकिटात किती गोळ्या विकाव्यात यावर कायद्यानेच मर्यादा घातली. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तरच पुरता लागू पडतो. आपल्या घरात सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते, हे वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही.

भारतात कारणे वेगळी आहेत : दूषित पाण्यातून येणारे अ आणि इ काविळीचे विषाणू, क्षयरोगाची काही औषधे, आणि महाराष्ट्रासह दक्षिणेकडील राज्यांत पिवळा फॉस्फरस असलेले उंदीर मारण्याचे मलम. हे मलम पोटात गेल्यावर पहिला दिवस-दोन दिवस माणूस बरा दिसू शकतो, आणि ‘काही झाले नाही’ म्हणून त्याला घरी ठेवले जाते. यकृत त्यानंतर कोसळते. त्यावर खात्रीचा उतारा नाही, म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणे एवढेच हाती असते. इ विषाणूची कहाणी तर भारतातच उलगडली. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे दूषित पाणी नळाला आले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पंचवीसेक वर्षे ही साथ अ विषाणूची समजली जात होती. जपून ठेवलेले नमुने तपासून १९८० मध्ये हा विषाणू अ किंवा ब नसल्याचे दाखवले गेले, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांचा वाटा होता. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच विषाणू विशेष जीवघेणा ठरतो.

इथे काविळीच्या माळेविषयी बोलणे भाग आहे. गळ्यात किंवा डोक्यावर घातलेली माळ जसजशी लांबत जाते तसतशी कावीळ उतरते, असा समज अनेक गावांत आजही आहे. अ आणि इ विषाणूंची कावीळ बहुसंख्य लोकांत आपोआप बरी होते, त्यामुळे माळेला यश मिळतच राहते. ज्या थोड्यांत ती बरी होणार नसते, त्यांचे मोलाचे दिवस मात्र माळेकडे पाहण्यात जातात. डोळ्यांचा पिवळेपणा किती आहे यापेक्षा माणूस वागतो कसा आहे, हे अशा वेळी अधिक महत्त्वाचे असते. दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग, अकारण चिडचिड, बटणे चुकीची लावणे, सहीचे वळण बिघडणे ही मेंदूपर्यंत अमोनिया पोहोचल्याची पहिली चिन्हे आहेत. डॉक्टर रुग्णाला दोन्ही हात पुढे करून, वाहतूक पोलीस गाडी अडवताना धरतो तसे पंजे उभे धरायला सांगतात. काही क्षणांत मनगटे एकदम सैल पडतात, पुन्हा वर येतात, पुन्हा पडतात, जणू पक्षी पंख फडफडवत आहे. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. पुढे गुंगी आणि मग बेशुद्धी येते. तीव्र अपयशात अमोनियामुळे मेंदूच्या पेशी फुगतात, आणि कवटी फुगू शकत नसल्यामुळे मेंदूवर दाब येतो.

तपासणीचा कागद वाचतानाही एक फसगत वारंवार होते. एसजीपीटी हे वितंचक (एन्झाइम) यकृताच्या पेशींच्या आत असते आणि पेशी फुटल्या की रक्तात सांडते, म्हणून तीव्र आजारात त्याचा आकडा हजारांत जातो. तो तीन-चार दिवसांत झरझर उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. परंतु सांडण्यासाठी पेशीच उरल्या नाहीत, तरीही तो आकडा उतरतोच. खरे काय ते रक्त गोठण्याच्या चाचणीवरून, म्हणजे आयएनआरवरून कळते. गोठण घटकांपैकी सातव्या क्रमांकाचा घटक रक्तात अवघ्या काही तासांत निम्मा होतो, त्यामुळे रांधणे थांबले की टंचाई लगेच उघडी पडते. याउलट अल्ब्युमिन निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून अचानक कोसळलेल्या रुग्णाचे अल्ब्युमिन सुरुवातीला ठीकच दिसते. एसजीपीटी उतरते आहे, बिलिरुबिन चढते आहे आणि आयएनआरही चढतो आहे, अशी तिहेरी नोंद दिसली तर ती आनंदाची बातमी नसते.

आता यंत्रांकडे वळू. नेदरलँड्समधील कॅम्पेन येथे विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड रुग्णावर वापरून पाहिले, तेव्हा त्यांनी सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी घेतली होती. नळीच्या आत रक्त, बाहेर क्षारयुक्त पाणी. रक्तातले युरियासारखे लहान, पाण्यात विरघळणारे रेणू सूक्ष्म छिद्रांतून बाहेर जातात. मूत्रपिंडे बाहेर टाकतात ती घाण बहुतांशी याच जातीची असल्यामुळे एवढ्या युक्तीवर लाखो माणसे वर्षानुवर्षे जगू शकतात. यकृताच्या रुग्णावरही १९५०च्या दशकात हा प्रयोग झाला आणि अमोनिया कमी होतो हे दिसले. मात्र बिलिरुबिन, पित्ताम्ले आणि इतर कित्येक विषारी द्रव्ये पाण्यात सहजी विरघळत नाहीत. ती अल्ब्युमिनला चिकटून फिरतात. अल्ब्युमिन हा जणू रक्तातला हमाल आहे, आणि डायलिसिसच्या पडद्याची दारे इतकी अरुंद आहेत की हमालही बाहेर पडत नाही आणि त्याच्या पाठीवरचे ओझेही.

जर्मनीतील रोस्टॉक येथे यान श्टांगे आणि श्टेफेन मिट्सनर यांनी १९९०च्या दशकात यावर तोड काढली, ती ‘मार्स’ या नावाने ओळखली जाते. पडद्याच्या पलीकडे साध्या पाण्याऐवजी त्यांनी अल्ब्युमिनचेच द्रावण ठेवले, म्हणजे भिंतीच्या त्या बाजूला रिकामे हमाल उभे केले. अलीकडच्या हमालाच्या पाठीवरचे ओझे भिंतीतल्या छिद्रातून पलीकडच्याच्या पाठीवर सरकते; हमालांनी जागा बदलायची गरज उरत नाही. पलीकडचे अल्ब्युमिन नंतर साध्या डायलिसिसमधून, मग कोळशाच्या आणि राळेच्या नळकांड्यातून फिरवून स्वच्छ केले जाते आणि पुन्हा कामाला लावले जाते. एका सत्राला सहसा सहा ते आठ तास लागतात. ‘प्रोमिथियस’ या दुसऱ्या यंत्रात रुग्णाचे अल्ब्युमिनच मोठ्या छिद्रांच्या पडद्यातून बाजूला काढून धुतले जाते. यकृत रोज कुरतडले जाऊनही रोज पुन्हा वाढणाऱ्या ग्रीक कथेतल्या नायकाचे हे नाव आहे.

या यंत्रांनी बिलिरुबिन उतरते, गुंगी कमी होते, अंगाची खाज थांबते. प्रश्न जीव वाचतो का हा आहे, आणि तिथे निकाल निराशाजनक आहेत. सिरोसिस असताना अचानक ढासळलेल्या १८९ रुग्णांवर मार्सची युरोपात चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २८ दिवसांनंतर जिवंत असलेल्यांच्या प्रमाणात यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या गटांत फरक आढळला नाही. प्रोमिथियसच्या १४५ रुग्णांच्या चाचणीतही एकूण गटात तेच दिसले. फ्रान्समध्ये तीव्र अपयशाच्या १०२ रुग्णांवर मार्सची चाचणी झाली, पण तिथे दात्याचे यकृत इतक्या लवकर मिळत होते, की प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्म्यांना सुमारे सोळा तासांतच ते मिळाले आणि यंत्राला आपला गुण दाखवायला अवधीच उरला नाही. माझ्या मते या अपयशाचे मूळ त्या दोन ढिगांतच आहे. ही यंत्रे फक्त धुतात, रांधत नाहीत. त्यातही साध्या कोळशाला आणि राळेला चांगले-वाईट कळत नाही, ती उपयोगी पदार्थही थोडेफार शोषून घेतात.

याच कारणाने मला त्यांपेक्षा जुनी आणि दिसायला ओबडधोबड वाटणारी एक पद्धत अधिक उद्बोधक वाटते, ती म्हणजे प्लाझ्मा बदलणे. रक्तातील पेशी ठेवून पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, काढून टाकायचा आणि त्याजागी दात्यांनी दिलेला प्लाझ्मा भरायचा. यात घाण तर जातेच, शिवाय दुसऱ्या कोणाच्या तरी धडधाकट यकृताने रांधलेले गोठण घटक रुग्णाला आयते मिळतात. कोपनहेगनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत तीव्र अपयशाच्या १८२ रुग्णांपैकी काहींचा रोज आठ ते बारा लिटर प्लाझ्मा, असा तीन दिवस बदलला गेला. रुग्णालयातून जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात ५८.७ टक्के होते, तर केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ४७.८ टक्के. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढा प्लाझ्मा जमवणे आपल्याकडे जड जाते; वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने उंदराच्या विषाच्या रुग्णांसाठी बऱ्याच कमी प्रमाणात प्लाझ्मा बदलण्याची रीत वापरून तिचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत.

रांधणारे यंत्र बनवण्याचे प्रयत्नही झाले. यंत्रात जिवंत पेशीच बसवायच्या, हा त्यामागचा विचार. अमेरिका आणि युरोपात डुकराच्या सुमारे सात अब्ज यकृतपेशी भरलेल्या नळकांड्यातून प्लाझ्मा फिरवण्याची चाचणी १७१ रुग्णांवर झाली. २००४ च्या अहवालानुसार तीस दिवसांनी यंत्राच्या गटात ७१ टक्के आणि दुसऱ्या गटात ६२ टक्के रुग्ण जिवंत होते, पण हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्राने म्हणता येत नव्हते. सात अब्ज हा आकडा प्रचंड वाटतो; माणसाच्या यकृतात मात्र शंभर अब्जांच्या आसपास किंवा अधिक पेशी असतात, म्हणजे ही सारी उठाठेव मूळ यकृताच्या काही टक्क्यांचीच होती. दुसऱ्या एका यंत्रात मानवी यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी होत्या. त्या हव्या तितक्या वाढत, पण अमोनियाचा युरिया करण्याचे मुख्य कौशल्यच त्यांच्यात अपुरे होते. त्याची मोठी चाचणी २०१८ मध्ये अयशस्वी ठरली. यकृतपेशी शरीराबाहेर काढल्या की काही दिवसांतच आपले काम विसरू लागतात; शेजारच्या पेशी, पित्ताच्या वाटा आणि रक्ताचा प्रवाह यांच्या संगतीतच त्या यकृतपेशी राहतात.

म्हणून आजही या यंत्रांचा उपयोग वेळ काढण्यासाठी होतो, आणि वेळ काढण्याला इथे खरोखर अर्थ आहे. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला, तेव्हा उरलेला तुकडा काही दिवसांतच मूळ वजनापर्यंत वाढला. कापलेला भाग जसाच्या तसा उगवत नाही; उरलेला भाग फुगून तेवढा होतो. जिवंत दात्याच्या यकृताचा साठ टक्क्यांपर्यंतचा भाग काढून दुसऱ्याला देता येतो तो याच गुणामुळे, आणि भारतातली बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे अशीच, घरच्या माणसाने दिलेल्या भागाने होतात. तीव्र अपयशात रुग्णाचे स्वतःचे यकृत सावरण्याआधी मेंदूची सूज किंवा जंतुसंसर्ग त्याला नेणार का, एवढाच प्रश्न असतो. सिरोसिसमध्ये व्रणांनी वाट अडवल्यामुळे ही वाढ नीट होत नाही, आणि तिथे यंत्राने काढलेल्या वेळेच्या शेवटी बहुधा प्रत्यारोपणच असावे लागते.

कोणाचे यकृत सावरेल आणि कोणाला प्रत्यारोपणाशिवाय वाचवता येणार नाही, हे ओळखण्याचे निकष लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाने १९८९ मध्ये मांडले आणि ते अजून वापरात आहेत. महाराष्ट्रात मृत दात्याच्या यकृताचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते, आणि तीव्र अपयशाच्या रुग्णाला प्रतीक्षा यादीत अग्रक्रम असतो. तेव्हा डॉक्टर यंत्र किंवा प्लाझ्मा बदलण्याविषयी बोलू लागले, तर ‘याने बरे होईल का’ या प्रश्नाबरोबर ‘याने मिळालेल्या वेळेत आपण काय करणार आहोत’ हेही विचारावे, आणि प्रत्यारोपण होऊ शकणाऱ्या रुग्णालयात हलवायचे असल्यास रुग्ण शुद्धीवर असतानाच हलवावे.

गंमत अशी, की यकृताची जागा घेणारे यंत्र साधले नसले तरी यकृताला जिवंत ठेवणारे यंत्र साधले आहे. काढलेले यकृत बर्फाच्या पेटीत ठेवण्याऐवजी शरीराच्या तापमानाला, त्यातून रक्त खेळवत ठेवता येते. झुरिचच्या संशोधकांनी २०२० मध्ये ते आठवडाभर टिकवून दाखवले, आणि पुढच्या वर्षी तीन दिवस यंत्रात ठेवलेले यकृत एका रुग्णात बसवले. डिसेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जनुकबदल केलेल्या डुकराचे यकृत अशाच यंत्रात ठेवून मेंदू मृत झालेल्या एका व्यक्तीच्या रक्ताभिसरणाला ७२ तास जोडले गेले. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीव्र अपयशाच्या रुग्णांवर याची चाचणी करण्यास परवानगी दिली. त्यात रुग्णाचे रक्त खाटेशेजारच्या यंत्रातील संपूर्ण यकृतातून फिरवायचे आहे आणि तेवढ्या अवधीत त्याचे स्वतःचे यकृत सावरते का, हे पाहायचे आहे.